भटकी कांकणं

सरकारनं ठेवलेलं नाव बायकांच्या तोंडी बसावं, असा योग सहसा येत नाही. ‘कांकण’ योजनेच्या बाबतीत तो आला, आणि त्याचं श्रेय रंगाला द्यायला हवं. पहिल्या वर्षी हे यंत्र काळ्या पट्ट्यासारखं होतं. गरोदर बाई ते दवाखान्यातून मनगटावर घालून निघायची आणि घरी पोचली की काढून खुंटीला लावायची. पोटात लेकरू असताना हातात काळं कशाला, असं सासू म्हणायची. सासूनं नाही म्हटलं तर शेजारीण म्हणायची. पुण्याच्या मातृ-डेटा केंद्रात काम करणाऱ्या नीलांबरी खरमाटेनं तेव्हा साहेबांना सुचवलं, की याची हिरवी बांगडी करा, काचेच्या चुड्यात मधे घालता येईल अशी. साहेब हसले, पण बांगडी झाली. त्यानंतर ती कुणी उतरवली नाही. उलट ज्यांना मिळाली नव्हती त्या दवाखान्यात भांडायला येऊ लागल्या.

बांगडीच्या आतल्या बाजूला दोन बारीक दिवे होते, एक हिरवा आणि एक डोळ्यांना न दिसणारा. रक्त हे दोन्ही प्रकाश कमीजास्त प्रमाणात गिळतं. कोणता किती गिळला त्यावरून सुई न टोचता हिमोग्लोबिन कळायचं. पण खरी करामत नाडीची होती. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट धमन्यांतून धावते आणि टोकाला जाऊन थोडी मागे परतते. धमन्या मऊ असल्या तर ही परतीची लाट सावकाश येते; त्या कडक होऊ लागल्या की लवकर येते. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा जो आजार आहे, त्यात दाब चढण्याच्या कितीतरी दिवस आधी धमन्या अशा कडक व्हायला लागतात. बाईला काही जाणवत नाही, दाब मोजायच्या पट्ट्यालाही काही सापडत नाही, पण लाटेचा आकार बदललेला असतो. लाखो बायकांच्या नाड्या वाचून कांकण तो बदल ओळखायला शिकलं होतं.

या आजाराचं नाव नीलाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तिची आई सुवर्णा दुसऱ्या खेपेला त्यातच गेली. सातव्या महिन्यात तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला सांगलीकडच्या सासरी जीप घेऊन आला होता. हळद काढायला झाली होती, घरात माणूस हवं होतं, म्हणून सासरच्यांनी जीप रिकामी परत पाठवली. आठव्या महिन्यात झटके आले. हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर होतं, आणि तिथे पोचण्याआधीच आई गेली, तिच्याबरोबर बाळही. मामा आणि वडील यांच्यात त्या दिवशी जे तुटलं ते तुटलंच. नीला आजोळी गेली ती एखाद्या लग्नापुरती.

कांकणाची माहिती पुढे ‘वाटप’ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे जायची. राज्यात सिस्टर किती, रक्ताच्या पिशव्या किती, अँब्युलन्स किती, हे ठरलेलं. गरज मात्र जागा बदलत राहते. दर तीन महिन्यांनी वाटप नकाशा बघायचं आणि गरोदर बायकांचे ठिपके जिथे दाट दिसतील तिथे माणसं आणि रक्त धाडायचं. पूर्वी हे काम पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर चालायचं. आता चिठ्ठी चालत नव्हती, म्हणून पुढारी नाराज आणि डॉक्टर खूश होते. बाळंतपणात बायका दगावण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. ही थट्टेची गोष्ट नव्हती.

सुरुवातीला घोळही भरपूर झाले. कुठे बांगडी नणंदेनं हौसेनं घातली, कुठे एकच बाई दोन गावांत मोजली गेली. ते निस्तरायला नीलानं एक नियम लिहिला. बांगडी नोंदवलेल्या घरापासून तीन आठवडे लांब राहिली तर ती ‘भटकी’ समजायची. तिची माहिती पुसायची नाही, पण मोजायचीही नाही. तिच्याकडून धोक्याची सूचना आलीच तर ती नोंदणीच्या दवाखान्यात जायची, पण ‘शंकास्पद’ असा शेरा घेऊन. नियम लागला आणि नकाशा आरशासारखा लख्ख झाला. त्याबद्दल नीलाला राज्याचा पुरस्कार मिळाला, आणि केंद्राचे प्रमुख डॉ. अजिंक्य पोतनीस प्रत्येक भाषणात त्या नियमाचं उदाहरण देऊ लागले.

आता नीला स्वतःच गरोदर होती, सातवा लागला होता, आणि तिच्याही हातात हिरवं कांकण होतं. नवरा संकेत नागपूरला पुलाच्या कामावर, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नीलाची तक्रार नव्हती. लहानपणापासून तिला आपलं आपण करायची सवय होती.

त्या तिमाहीत बंद करायच्या प्रसूती केंद्रांच्या नावांत पाटणच्या पलीकडच्या डोंगरातलं एक नाव आलं. उंबरदरा. तिचं आजोळ.

तिनं नकाशा मोठा करून बघितला. उंबरदऱ्यात नोंदलेल्या गरोदर बायका शून्य. तेही खरंच वाटत होतं. तिथली तरुण मुलं मुंबईला नोकरीला, त्यांच्या बायका त्यांच्याजवळ. गावात म्हातारी माणसं आणि म्हशी. शून्य बायकांसाठी एक सिस्टर, रक्ताचा फ्रीज आणि अँब्युलन्स अडकवून ठेवायची, तर दुसरीकडे कुणाच्या तरी तोंडचा घास काढायचा. आजोळ म्हणून हात आखडला तर पुढाऱ्याच्या चिठ्ठीत आणि आपल्यात फरक काय राहिला. नीलानं मंजुरी दिली. मन थोडं खट्टू झालं, पण दिली.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. तिला वाटलं, केंद्राबद्दल असेल.

“नीला, मी हणमंतमामा बोलतुया. सातवा लागला म्हनं तुला. न्यायला येऊ का?”

“मामा, मला इथं सगळं आहे. हॉस्पिटल घरासमोरच आहे.”

“असू दे की. हॉस्पिटल काय पायाला तेल लावतंय व्हय?”

नीलाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं.

“एकदा रिकामी जीप घिऊन परत आलोय मी,” मामा म्हणाला. “या खेपेला न्हाय म्हनायचं आसंल तर तू म्हन. दुसऱ्या कुनी म्हनू नये, एवढंच.”

तिला नाही म्हणता आलं नाही.

ती गेली ती चार दिवसांच्या बोलीवर. पण डोंगरातल्या हवेत तिला अशी झोप लागली की जणू वर्षानुवर्षांची बाकी होती. मामी तिला चुलीपुढे बसवून नाचणीची गरम भाकरी वाढायची, आणि संध्याकाळी पायाला तेल चोळताना तिच्या आईच्या खोड्या सांगायची. आईला चिंचेच्या झाडावरून उतरता यायचं नाही आणि तरी ती चढायचीच, हे नीलाला एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. ओसरीवर बसून लॅपटॉपवर ऑफिसचं काम होत होतं. चार दिवसांचे चार आठवडे झाले आणि कुणी विषय काढला नाही.

एका मंगळवारी मामी म्हणाली, “चल, तपासनी करून यिऊ. केंद्र बंद व्हायच्या आदी.”

नीलाची मान आपोआप खाली गेली. ओस पडलेली इमारत, कंटाळलेली सिस्टर आणि जाळी धरलेला फ्रीज बघायला मिळणार, अशा तयारीनं ती निघाली.

केंद्राच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती. भिंतीला टेकून, पायरीवर, आंब्याच्या पारावर, जिथे बघावं तिथे पोटुशा बायका बसल्या होत्या. कुणी मुंबईची, कुणी कराडची, एक थेट सुरतेहून आलेली. कुणाच्या डब्यात भाजलेले शेंगदाणे, कुणाच्या डब्यात लोणचं, आणि सगळ्यांचे डबे सगळ्यांसाठी उघडे. त्या शाळेत एका वर्गात होत्या, आता बाळंतपणाला एका वेळी माहेरी आल्या होत्या, आणि त्यांच्या गप्पा शाळेच्याच आवाजात चालल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात चुड्यात मधे एक हिरवं कांकण होतं.

नीला पायरीजवळच थांबली. गावातल्या सुना बाहेर होत्या, हे तिनं अचूक मोजलं होतं. गावच्या लेकी घरी येतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन आठवडे नव्हे, तीन-चार महिने बायका माहेरी राहतात. तिच्या नियमानं त्या सगळ्या भटक्या ठरत होत्या. पोरगी बाळंतपणाला माहेरी जाते हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्या मुलीला आईमागे माहेरच उरलं नव्हतं, तिला ते सुचलं नव्हतं.

“या मॅडम, आत या,” सिस्टर शबाना मुल्लांनी हाक मारली. त्या कराडच्या, पन्नाशीच्या, आणि घाईत असल्या तरी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी नीलाच्या दंडाला पट्टा बांधला, दाब बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. “डोकं दुखतंय?”

“थोडं. काल-परवापासून. स्क्रीनमुळे असेल.”

“दाब चढलाय. बांगडीनं काही सांगितलं नाही तुमच्या?”

“नाही,” नीला म्हणाली. तिथेच खुर्चीत बसून तिनं फोनवर आपल्या ऑफिसचा नकाशा उघडला आणि स्वतःचा ठिपका शोधला. तो पुण्यात नव्हता. उंबरदऱ्यातही नव्हता. राज्याच्या नकाशावर नीलांबरी खरमाटे नावाची गरोदर बाई कुठेच नव्हती. मग तिनं भटक्यांची पेटी उघडली. तिथे ती सापडली. कांकणानं तिची परतीची लाट बदलल्याचं आठवड्यापूर्वीच टिपलं होतं आणि इमानेइतबारे कळवलंही होतं. तिनंच लिहिलेल्या नियमानं त्यावर ‘शंकास्पद’ असा शेरा मारला होता. पुण्यातल्या तिच्या वॉर्डाच्या दवाखान्यात ती सूचना कुणी उघडलीसुद्धा नव्हती.

आईला जे झालं होतं तेच तिच्या अंगात सुरू झालं होतं, आणि ते कळू नये याची व्यवस्था तिनं स्वतःच करून ठेवली होती.

“घाबरू नका,” सिस्टर गोळी देत म्हणाल्या. “वेळेत सापडलंय. गोळ्या घ्या, डाव्या कुशीवर पडून राहा, रोज मला दाखवा. लागलंच तर कराडला हलवू, अँब्युलन्स दारात आहे.” मग थांबून म्हणाल्या, “म्हणजे अजून तरी आहे.”

“बाकीच्यांच्या सूचना तुम्हाला कशा कळतात?”

“सासरच्या गावची सिस्टर मला फोन करते. तुमची पोरगी तिकडं आलीय, बांगडी असं असं म्हणतीय, बघा जरा. मीही इथनं तसे फोन करते. पुण्यासारख्या ठिकाणी कोण कुणाला ओळखतंय? तिथल्या बायकांबद्दल कुणाचा फोन येत नाही.”

“हे वर का कळवलं नाही?”

सिस्टर ओशाळल्या. “सुचलं नाही, खरं सांगायचं तर. बाळंतपणं इथं झाली तरी पत्ता एकच भरायचा असतो, आणि आम्ही सासरचाच भरतो. बाईचा पत्ता म्हणजे सासरचा, असंच डोक्यात बसलंय. शून्य आकडा आमच्याच हातानं आम्ही वर पाठवलाय.”

नीलानं त्याच दुपारी, डाव्या कुशीवर पडून, पोतनीस साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधी तब्येतीची चौकशी केली, आणि ती मनापासूनच केली.

“उंबरदरा मी बंद होऊ देत नाही,” ते म्हणाले. “आजच आदेश थांबवतो. झालं?”

“सर, अशी गावं शेकडो असतील. मुली बाहेर दिलेलं प्रत्येक गाव. दोन वर्षं आपण जिथे बायकांचा पत्ता असतो तिथे रक्त पाठवतोय आणि जिथे बाळंत होतात तिथून काढून घेतोय.”

“सोमवारी दिल्लीची समिती बसतेय, नीलांबरी. कांकण देशभर न्यायचं की नाही, ते ठरणार आहे. आत्ता तू पायाच चुकला म्हणालीस तर ते सगळी इमारत पाडतील. या बांगडीनं किती जीव वाचवलेत ते तुला सांगायला नको. ते समितीचं होऊ दे. नियम आपण मागाहून गुपचूप बदलू.”

ते खोटं बोलत नव्हते, हीच अडचण होती. योजना गुंडाळली गेली तर त्याचं पाप तिच्या माथी येणार होतं. पुरस्कार जाईल, नोकरी जाईल, त्याचं तिला तितकंसं वाटत नव्हतं. एखाद्या गावात एखादी सुवर्णा तपासणीवाचून राहील, याचं वाटत होतं. पण गप्प राहिलं तरी तेच होणार होतं, फक्त कुणाला दिसणार नव्हतं. आणि चुकीच्या नकाशावर देश उभा केला की तो नंतर गुपचूप बदलता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“सर, सोमवारी मी बोलते,” ती म्हणाली. “तुम्ही अडवलंत तर अडवा.”

“अडवत नाही,” पोतनीस म्हणाले, आणि फोन ठेवला.

सोमवारी सिस्टरांनी केंद्राच्या ओट्यावर टेबल मांडून दिलं. आदल्या दिवशी मामीनं घरोघर निरोप धाडले होते, त्यामुळे मंगळवार नसूनही सगळ्या बायका आल्या. नीलानं व्हिडिओ कॉलवर समितीला आधी नकाशा दाखवला आणि उंबरदऱ्याचा शून्य दाखवला. मग लॅपटॉप उचलून सावकाश ओट्याकडे वळवला. सुरतेहून आलेल्या पोरीनं कॅमेऱ्याला हात केला. तिच्या कोपरापर्यंत चुडा होता आणि त्यात ते हिरवं कांकण.

समितीच्या अध्यक्षबाई करड्या आवाजाच्या होत्या. “नियम तुमचा, चूक तुमची. मग या यंत्रावर आम्ही विश्वास का ठेवावा?”

“यंत्र चुकलं नाही,” नीला म्हणाली. “त्यानं माझी नाडी बरोबर वाचली, वेळेवर कळवलं. ऐकून घेतलं नाही ते मी.”

“दुरुस्तीला काय लागेल?”

“एक प्रश्न. बाळंतपण कुठे करणार, हे बाईला आम्ही कधी विचारलंच नाही. तिचा पत्ता कुठला तेवढं बघत राहिलो.”

अध्यक्षबाई जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, “माझा मुलगा त्याच्या आजोळी झाला. मीही तुमचा नियम वाचला होता. मलाही हे सुचायला हवं होतं.”

सगळंच मनासारखं झालं असं नाही. देशभरचा विस्तार सहा महिने पुढे गेला, वर्तमानपत्रांनी दोन दिवस झोडपून काढलं, आणि नियमाचा पुरस्कार नीलानं आपणहून परत केला. पण कांकण बंद पडलं नाही. केंद्रं बंद करण्याचे आदेश सगळीकडेच थांबले. पोतनीस साहेब आठवडाभर बोलले नाहीत. मग एके सकाळी त्यांनी तन्मय नावाचा आपला सर्वांत हुशार प्रोग्रामर तिच्या हाताखाली देऊन टाकला आणि आदेशाच्या खाली एक ओळ लिहिली. ‘प्रश्न लवकर तयार कर. मलाही उत्तर बघायचंय.’

प्रश्न राज्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या फोनवर गेला. बाळंतपण कुठे करणार? लिहा किंवा बोला. दुसऱ्या दिवशी तन्मयचा फोन आला.

“मॅडम, प्रॉब्लेम झालाय. निम्म्याहून जास्त बायकांनी एकच गाव लिहिलंय, आणि ते नकाशावर नाही.”

“कुठलं गाव?”

“आईकडे,” तन्मय म्हणाला. “सगळ्यांनी नुसतं ‘आईकडे’ लिहिलंय. सिस्टिम म्हणतेय, ठिकाण सापडलं नाही.”

नीला इतकी हसली की मामी हातातलं काम टाकून बघायला आली. मग डोळे पुसत तिनं तन्मयला सांगितलं, की ‘आईकडे’ असं उत्तर आलं तर चूक म्हणायचं नाही. पुढे विचारायचं, आईचं नाव काय आणि आई कुठे राहते. आई कुठे राहते हे बाईला कधी चुकत नाही.

उत्तरं येत गेली तसा नकाशा हलायला लागला. शहरांतली गर्दी विरळ झाली, आणि जे डोंगर, ज्या वाड्या दोन वर्षं काळोखात होत्या, तिथे एकेक ठिपका लागत गेला. काहींनी सासरच लिहिलं, खुशीनं. एकीनं लिहिलं होतं, कुठेही, पण नवरा बरोबर पाहिजे. नीला ओसरीवर पडून ते बघत होती, आणि तिला कितीतरी वर्षांनी आपल्या कामाचा साधा, निर्मळ आनंद होत होता. दाब गोळ्यांनी आटोक्यात होता. सिस्टर शबाना रोज येऊन खात्री करून जात होत्या.

तिचं स्वतःचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. संध्याकाळी मामी पायाला तेल लावत असताना फोननं पुन्हा आठवण केली. बाळंतपण कुठे करणार? नीला ‘मामीकडे’ लिहायला गेली आणि बोटांनी दुसरंच लिहिलं.

आईकडे.

आईचं नाव काय, फोननं विचारलं. हा प्रश्न तिचाच होता. आई आहे का, असं त्यात विचारलेलं नव्हतं. ते घालायचं राहून गेलं होतं आणि आता घालूही नये असं तिला वाटलं. तिनं लिहिलं, सुवर्णा. आई कुठे राहते? उंबरदरा.

फोन क्षणभर थांबला. मग अक्षरं उमटली. ठिकाण सापडलं. नोंद झाली.

नीलाला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. अंगणातून मामा वर आला. “काय लिवतीस गं एवढं?”

“पत्ता, मामा,” ती म्हणाली. “आईचा.”

अंगणात उभ्या असलेल्या जीपकडे मामानं एकदा वळून बघितलं. मग मामीच्या हातातली तेलाची वाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि खाली बसून भाचीच्या दुसऱ्या पायाला तेल लावायला लागला.